चार बाइटांचं अक्षर

पहिल्यांदा ती अक्षरं पाहिली तेव्हा मला वाटलं, फाइलच खराब झाली आहे.

यूटा राज्यातल्या लीहाय गावात नोकरीला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्याकडे एक तक्रार आली होती: ग्राहकाच्या नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. नावाच्या रकान्याला लांबीची मर्यादा होती आणि आमचा प्रोग्रॅम त्या मर्यादेवर नाव छाटताना शेवटचं अक्षर मधोमध चिरत होता. मी दुरुस्ती केली आणि तपासायला शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे पाठवली. तासाभराने ती परत आली, तेव्हा माझ्या चाचण्यांखाली त्याने स्वतःची एक ओळ घातली होती. त्या ओळीतली अक्षरं ना रोमन होती, ना ग्रीक, ना रशियन. गोलसर, आकड्यांसारखी वळलेली, मध्येच एखादी गाठ मारल्यासारखी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माझ्या खापरपणजोबांच्या काळची लिपी," तो म्हणाला. "तुझी दुरुस्ती हिच्यात नापास होते आहे."

खरंच नापास होत होती. इंग्रजी नावं नीट छाटली जात होती, देवनागरीही नीट छाटली जात होती. या अक्षरांचे मात्र दोन तुकडे पडत होते. ते नीट करता करता संध्याकाळ झाली. त्या संध्याकाळी मला त्या लिपीचं नाव कळलं: डेझरेट.

ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग मॉर्मन लोकांचा पहिला तांडा १८४७च्या जुलैत खारट सरोवराच्या खोऱ्यात उतरला. पुढच्या वर्षांत वेल्स, डेन्मार्क, स्वीडन, इंग्लंड अशा देशांतून नवदीक्षितांची रीघ लागली. यांतल्या अनेकांना इंग्रजी शिकायची होती आणि इंग्रजीचं स्पेलिंग हा तर मुळातच पाठांतराचा मामला. म्हणून डेझरेट विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी १८५४मध्ये एक नवी लिपी मान्य केली. पिटमनची लघुलिपी जाणणाऱ्या जॉर्ज वॉट यांचा तिच्यात मोठा हात होता. ३८ अक्षरं, जो ध्वनी, त्याचं अक्षर. जसं बोलावं तसं लिहावं. बाराखडी गिरवत वाढलेल्या माझ्यासारखीला यात नवल वाटायचं कारण नव्हतं, पण ज्यांच्या भाषेत लिहिणं आणि बोलणं यांची जन्माची फारकत आहे, त्यांनी वाळवंटात बसून असा विचार करावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. १८६८मध्ये या लिपीत मुलांसाठी वाचनपाठांची दोन पुस्तकं निघाली, १८६९मध्ये त्यांचा धर्मग्रंथ निघाला. त्याच वर्षी आगगाडी यूटात पोहोचली आणि बाहेरचं जग, बाहेरच्या स्पेलिंगसकट, दाराशी आलं. १८७७मध्ये यंग गेले. त्यांच्यामागे लिपीही गेली.

संगणकाच्या जगात ती परत आली ती २००१मध्ये. युनिकोडची मूळ आखणी १६ बिटांची होती, म्हणजे ६५,५३६ घरं. जगातल्या सगळ्या अक्षरांना एवढी पुरतील असं सुरुवातीला वाटलं होतं. देवनागरीचं नशीब चांगलं, १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत तिला घर मिळालं. पुढे गावाबाहेर नवी वस्ती वसवावी लागली आणि त्या वस्तीत पहिल्या खेपेला ज्या मोजक्या लिप्या राहायला गेल्या, त्यांत डेझरेट होती. एपलमधले अभियंते जॉन जेन्किन्स यांनी तिच्यासाठी मागणी केली होती. या नव्या वस्तीतल्या अक्षराला चार बाइट लागतात. तेव्हाच्या कितीतरी प्रोग्रॅमांना हे माहीतच नव्हतं, ते चार बाइटांची दोन अर्धी अक्षरं समजत. त्यातून डेझरेटला रोमनसारखी मोठी आणि छोटी अशी दोन्ही रूपं. त्यामुळे लांबी मोजणं, छाटणं, मोठ्याचं छोटं करणं, सगळ्याच चुका तिच्यावर तपासता येतात. पुढे इमोजी आल्या, त्याही याच वस्तीत, आणि मग आपले प्रोग्रॅम दुरुस्त करणं सगळ्यांनाच भाग पडलं. पण रोजच्या वापरात कुणालाही नको असलेली एक मृत लिपी त्याआधी नऊ वर्षं तिथे जाऊन बसली होती.

"तिचा उपयोग व्हावा म्हणून नाही घातली तिला तिथे," माझा सहकारी एकदा म्हणाला. "ती होती, म्हणून घातली."

तो स्वतः शनिवारी सकाळी तास-दोन तास या लिपीचा फाँट काढत बसायचा. वर्षानुवर्षं. हा त्याचा छंद. डोंगरावर चालणं, मुलांबरोबर तासन्‌तास पटावरचे खेळ खेळणं, पाव भाजणं हेही होतं, पण जीव या अक्षरांत. मला ते ओळखीचं वाटत होतं आणि का वाटतं ते काही दिवसांनी उलगडलं. मोडी. आमच्या वाईच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत रुमालात बांधलेले कागद आहेत. लहानपणी आजोबा ते उन्हात घालायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. आधी अख्खी आडवी रेघ ओढून मग तिला लोंबवलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं. आजोबांना ती येत होती, बाबांना येत नव्हती. मोडीला युनिकोडमध्ये घर मिळालं २०१४मध्ये, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून. तेही त्याच बाहेरच्या वस्तीत. चार बाइट. डेझरेटसाठी जो रस्ता नीट केला, त्याच रस्त्याने आमची मोडी जाते. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून त्याला सांगायला गेले.

त्याच्याविषयी थोडं सांगायला हवं. तोही त्याच लोकांतला. मी वर त्यांना मॉर्मन म्हटलं कारण आपल्याकडे तोच शब्द माहीत आहे. २०१८मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी, ते मूळचे हृदयशल्यविशारद, हे टोपणनाव सोडून पूर्ण नाव घ्या असं सांगितलं: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. तेव्हापासून तो कटाक्षाने पूर्ण नाव घेतो. लांबलचक आहे, पण त्याचं म्हणणं, नाव ज्याचं त्याने सांगायचं असतं. नावाच्या रकान्यांशी झगडण्यात उमेदवारी केलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभतं.

लीहाय हे गावाचं नावही त्यांच्या धर्मग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं. या खोऱ्यात सॉफ्टवेअर कालपरवाचं नाही. वर्डपर्फेक्ट इथलंच. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन अ‍ॅश्टन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस बास्टियन यांनी १९७९च्या सुमारास ते शेजारच्या ओरम शहराच्या कचेरीसाठी लिहायला घेतलं. आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या मधून मधून पांढऱ्या, टोकदार कळसांची चर्चं.

आमच्या ऑफिसात चहा पिणारी मी एकटीच म्हणावी अशी. १८३३चा त्यांचा नियम आहे: दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही, चहा नाही. दुपारी मी आलं ठेचून चहा केला की तो थंड सोड्याचा भला मोठा पेला घेऊन समोर बसतो आणि वास छान आहे म्हणतो. आई आली होती तेव्हा तो सहकुटुंब घरी आला. पाहुण्याला चहा नको म्हटल्यावर आईचा चेहरा पडला. मी कारण सांगितलं. आईने क्षणभर विचार केला, "म्हणजे माळकरी आहेत की," म्हणाली आणि कोकम सरबत करायला उठली. मी आठ-दहा वर्षांत त्याला जितकं समजून घेतलं नव्हतं, तितकं आईने एका शब्दात घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात, हे कळल्यावर तर ती त्याच्या बायकोशी एकादशीबद्दल बोलत बसली. मधे दुभाषी मी.

२०१९मध्ये त्याला बिशप केलं. बिशप म्हटलं की आपल्याला वसई नाहीतर गोवा आठवतो, उंच टोपी, हातात दंड. यांचा बिशप म्हणजे मोहल्ल्यातला कुणीही नोकरदार माणूस. पाच वर्षांच्या आसपास तो तीन-चारशे लोकांचं बघतो, पगार नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या घरात भांडण, कुणाचं मूल दारूकडे वळलं, ते त्याच्याकडे येतात. बुधवारी संध्याकाळी पाचला तो उठायचा. रविवार अख्खा जायचा. सोमवारची संध्याकाळ घरच्यांची, ती तर या लोकांत पिढ्यांपासून राखलेली.

आमच्या कामात आळीपाळीने ऑनकॉल असतं. यंत्रणा बंद पडली की ज्याची पाळी त्याचा फोन वाजतो, रात्री तीनला वाजला तरी. रविवारी फोन घेणं त्याला जड जाई. घेत नसे असं नाही. कुणाचं अडलं असेल तर शब्बाथच्या दिवशीही घ्यावा, असं तो म्हणे. पण प्रवचनाला उभा असताना खिशात थरथरणारा फोन मी कल्पनेत पाहिला आणि त्याला सांगितलं, तुझे रविवार माझे. त्याने काही न बोलता माझे सगळे शनिवार घेतले. त्या वर्षी दिवाळीचा पूर्ण आठवडा तक्त्यावर त्याचं नाव होतं. मी सांगितलं नव्हतं. त्याने कॅलेंडर काढून लक्ष्मीपूजन कधी ते पाहिलं होतं. पुढच्या प्रत्येक वर्षी तारीख बदलली तशी त्याने पाळी बदलली. त्याच्या श्रद्धेविषयी मी पुष्कळ वाचलं असेन, पण माझ्या मनात ती कायमची बसली ती या तक्त्यातून.

त्याची मुलगी दीड वर्षाच्या धर्मसेवेला निघाली, त्या रविवारी मी त्यांच्या चर्चमध्ये गेले. मूर्ती नाही, क्रूस नाही, बास्केटबॉलच्या मैदानाला लागून असलेलं साधं सभागृह. पुढे टेबलावर पांढऱ्या कापडाखाली पाव आणि पाण्याचे इवलेसे पेले. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलांनी पाव तोडला आणि एकाने गुडघे टेकून प्रार्थना वाचायला घेतली. ही प्रार्थना शब्दन्‌शब्द ठरलेली असते. मुलगा एका शब्दावर अडखळला, पुढे गेला, संपवून वर पाहिलं. बिशपने अगदी किंचित मान हलवली: नाही. मुलाने पुन्हा सुरुवात केली. आवाज कापत होता, कान लाल झाले होते. पुन्हा चुकला, दुसऱ्याच जागी. सभागृहात चिटपाखराचा आवाज नाही. कडेवरची तान्ही मुलंच काय ती कुरकुरत होती. तिसऱ्यांदा त्याने एकेक शब्द पाण्यात पाय टाकावा तसा उच्चारला. माझ्या सहकाऱ्याने मान डोलावली. मग बारा वर्षांची मुलं ताटं घेऊन ओळीओळीतून फिरली. ताट माझ्याकडे आलं, मी ते पुढे दिलं.

घरी परतताना मला आमच्या गुरुजींची आठवण येत होती. श्राद्धाला भावाचा उच्चार चुकला की ते थांबत, रागावत नसत, तोच शब्द पुन्हा म्हणत आणि वाट बघत. आणि मला हेही जाणवलं की हा माणूस माझा कोड असाच तपासतो. इतक्या वर्षांत त्याने मला हे चूक आहे असं एकदाही लिहिलेलं नाही. फक्त ओळ दाखवतो आणि थांबतो. बरोबर होईपर्यंत पुढे मात्र जाऊ देत नाही.

अमेरिकेत जनगणनेची कागदपत्रं ७२ वर्षांनी खुली करतात. २०२२च्या एप्रिलमध्ये १९५०ची खुली झाली. हाताने लिहिलेली ती नावं आधी यंत्राने वाचली आणि मग हजारो स्वयंसेवकांनी ती तपासली. तो त्यांतला एक. दिवसभर संगणक, आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा संगणक, कुणा अनोळखी खेड्यातल्या अनोळखी कुटुंबाची नावं ताडून बघायला. गणना करणाऱ्याचं अक्षर गिचमिड असेल तर तो त्याच पानावर त्याने तेच अक्षर दुसरीकडे कसं काढलंय ते शोधायचा. एका नावाला कधी दहा मिनिटं.

हे त्यांच्यात घराघरांत चालतं. त्यांची वंशशास्त्र संस्था १८९४ची. १९३८पासून ते जगभर फिरून जन्ममृत्यूच्या नोंदींची मायक्रोफिल्म करू लागले. सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड दरीत, ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पोटात, २४ लाख रिळं ठेवली आहेत. २०२१मध्ये त्यांचं डिजिटल रूपांतर पूर्ण झालं. त्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत, हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. आमच्या घराण्याची वही त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आहे. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी नेलं होतं. लांबट, लाल बासनातली वही मांडीवर घेऊन उपाध्यायांनी आजोबांची सही काढून दाखवली होती. बाबा त्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले होते.

त्याने मला एक तक्ता दिला. चार पिढ्या, १५ चौकटी: मी, दोन, चार, आठ. पुरुषांच्या बाजू मी चटाचट भरल्या. तीन पिढ्यांची नावं श्राद्धात घेतली जातात, भावाच्या तोंडून ऐकून मलाही पाठ आहेत. पण या तक्त्यात बाईचं नाव तिच्या जन्माचं लिहायचं असतं. आपल्याकडे ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं तिथेच संपतं. आई तेव्हा माझ्याकडेच होती. तिने पेन घेतलं आणि स्वतःच्या चौकटीत लग्नाआधीचं नाव लिहिलं. मला ते माहीत होतं, पण तिच्या हातचं लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तीही थोडा वेळ त्याकडे बघत राहिली, बाबा सहीकडे बघत होते तशी. चार पणज्यांपैकी एकीचं माहेरचं नाव तिला आठवलं. तीन चौकटी रिकाम्या राहिल्या. थोरली आई, बयो, काकी: हाका राहिल्या, नावं गेली.

या नावांच्या मागे जे आहे, त्याबद्दल मी त्याला एकदा सरळ विचारलं. ते पूर्वजांची नावं शोधतात ती मंदिरात त्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्यासाठी. जिवंत माणूस पाण्यात उतरतो, मृताचं नाव उच्चारलं जातं. उद्या माझ्या आजोबांचं नाव कुणी घेतलं तर? तो गप्प झाला. मग म्हणाला, नियम आहे, आपापल्या पूर्वजांचंच नाव द्यायचं. आणि आमची श्रद्धा अशी की ज्याच्यासाठी केलं तो ते स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा असतो. पण नियम मोडले गेलेत, हेही त्यानेच सांगितलं. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं घातली गेली, ज्यूंना त्याचं अतोनात दुःख झालं, १९९५मध्ये चर्चला त्यांच्याशी करार करावा लागला, आणि त्यानंतरही तशी नावं सापडली. "ते चूक होतं," एवढंच तो म्हणाला. बचाव केला नाही.

मला ते अजूनही पटत नाही. ज्या माणसाला त्याच्या धर्मापायी मारलं, त्याचं नाव दुसऱ्या धर्माच्या पाण्यात घेणं मला कोणत्याही श्रद्धेच्या आधाराने मान्य होणार नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती वेगळ्याच कारणाने. सर्वपित्रीला भाऊ तर्पण करतो. शेवटची ओंजळ असते ती ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी, ज्यांचं नाव गोत्र माहीत नाही त्यांच्यासाठी. ते सगळे आपल्या धर्माचे होते का, त्यांना हे पाणी हवं होतं का, असं आम्ही कुणी कधी विचारलेलं नाही. लहानपणापासून मला श्राद्धातली ती ओंजळ सगळ्यात सुंदर वाटत आली आहे. अजूनही वाटते. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी राहतात, मी त्यांची तडजोड घालायला जात नाही.

गेल्या वर्षी काकांनी वाईची ती ट्रंक उघडली. वाळवी लागली होती. त्यांनी उरलेल्या कागदांचे फोटो पाठवले आणि पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी ते वाचून दिले. बहुतेक कर्जरोखे, शेतसाऱ्याच्या पावत्या. एक कागद मात्र खरेदीखताचा होता. लिहून देणारी एक विधवा बाई, माझ्या पणजोबांची आई. लेखनिकाने आधी तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं आहे, मग तिचं, आणि शेवटी सहीच्या जागी एक लहानसं वर्तुळ. शेजारी शब्द: निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या बायका अशी बांगडीची खूण करत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, म्हणून तिच्या नावातला एक उकार कसा होता ते आता कुणीच सांगू शकणार नाही. बाकीची अक्षरं स्वच्छ आहेत. माहेरचं नाव या कागदातही नाही.

त्या आठवड्यात मी आमची जुनी चाचण्यांची फाइल उघडली. त्याची डेझरेटची ओळ तिथेच होती. तिच्याखाली मी खापरपणजीचं नाव मोडीत टाइप केलं, एकेक अक्षर तक्त्यातून शोधून, फोटोशी ताडून. चाचणी लावली. छाटणी बरोबर, लांबी बरोबर. मग तपासायला त्याच्याकडे पाठवलं.

तो खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आला. बिशपपदाची त्याची वर्षं नुकतीच संपली होती आणि चेहरा विसावलेला दिसत होता. त्याने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कसं म्हणायचं?"

मी म्हणून दाखवलं. तिच्या नावात ळ आहे. त्याने म्हटलं, ळचा ल झाला. मी मान हलवली: नाही. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी र झाला. मी जीभ टाळूला कुठे लागते ते सांगितलं आणि थांबले. आजूबाजूला की-बोर्डांचा आवाज चालू होता. त्याने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत एकदा जमवून पाहिलं, आणि मग सावकाश, एकेक अक्षर सोडवत, तिचं नाव घेतलं.

मी मान डोलावली.